‘स्टॉक’ म्हणजे नक्की काय? एका शब्दाने माझं सीसी खातं कसं अडकवलं



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर करून विचारलं, “मॅडम, माझ्याकडे तीन लाखांचा स्टॉक आहे. त्यावर बँक लोन देईल का?” मी दुकानदार, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला. “माल कुठे ठेवलाय, दुकानात की गोडाऊनला?” तो जरा गोंधळला आणि म्हणाला, “मॅडम, मोबाईलमध्ये आहे.” अख्खा वर्ग हसला. तो शेअर्सबद्दल बोलत होता आणि मी खोक्यांबद्दल. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होतो. शेअर्सवरही कर्ज मिळतं, मालावरही मिळतं, फक्त दोन्हीचे नियम आणि कागदपत्रं वेगळी.

त्या दिवशी आपण सगळे हसलो खरे, पण याच एका शब्दाच्या घोळात मी स्वतः एकदा दोन लाखांना अडकले होते. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी हा शब्द आला कुठून ते बघू. व्हिडिओत यावर दोनच मिनिटं बोलता आलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

स्टॉक हा इंग्रजीतला खूप जुना शब्द आहे. मूळ अर्थ झाडाचं खोड, बुंधा, लाकडाचा ओंडका. बस्स, एवढाच. पैसा नाही, माल नाही, शेअर तर नाहीच नाही. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार हा जुना अर्थ आजही रोज वापरतात. नाशिकला किंवा तासगावला जाऊन विचारा, बाग कशावर आहे? उत्तर येईल, “डॉगरीजवर.” म्हणजे डॉगरीज जातीच्या रूटस्टॉकवर हव्या त्या वाणाचं कलम केलेलं असतं. मराठीत आपण त्याला खुंट म्हणतो. खाली जमिनीतला दणकट खुंट म्हणजे स्टॉक, आणि वर ज्याला फळ येतं ते कलम. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता खोडापासून काय काय फुटलं बघा. लाकडाच्या फळ्यांना भोकं पाडून त्यात गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, या शिक्षेच्या साधनाला इंग्रजीत ‘स्टॉक्स’ म्हणत. आणि मराठीत? खोडा! त्यांनी स्टॉकपासून स्टॉक्स केला, आपण खोडापासून खोडा केला. एकमेकांना न विचारता. ‘कामात खोडा घातला’ असं आपण अजूनही म्हणतो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा इतकं भारी वाटलं की मी बाबांना दुकानातून फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, “गिऱ्हाईक नाहीये का आत्ता?”

बंदुकीचा लाकडी दस्ता म्हणजेही स्टॉक. ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. चाप-यंत्र, दस्ता आणि नळी, म्हणजे अख्खी बंदूक, म्हणून ‘सगळंच्या सगळं’. कोणी धंदा ‘लॉक स्टॉक बॅरल’ विकला असं म्हणतो तेव्हा त्यातला स्टॉक माल नसतो, बंदुकीचा दस्ता असतो. पायमोजांना स्टॉकिंग म्हणतात, तेही याच घराण्यातलं. पूर्वी युरोपात पुरुषांच्या तंग पायघोळाचे वरचा स्टॉक आणि खालचा स्टॉक असे दोन भाग असत, त्यातल्या खालच्याचा पुढे स्टॉकिंग झाला.

पण आपल्याला लाकूड नकोय, पैसा हवाय. त्या लाकडाचा पैसा कसा झाला?

इंग्लंडमध्ये मध्ययुगात सरकारी खजिन्याचा हिशेब काठ्यांवर ठेवत. कागद महाग आणि वाचता येणारे थोडे. मग साधारण हेझलच्या लाकडाची काठी घ्यायची आणि रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, वीस पौंडांची करंगळीएवढी आणि एक पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा. एक तुकडा जरा लांब ठेवायचा, तो पैसे देणाऱ्याकडे, त्याचं नाव स्टॉक. दुसरा आखूड तुकडा घेणाऱ्याकडे, त्याचं नाव फॉइल. हिशेबाच्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. कोणी चलाखीने एखादी खाच जास्त पाडली तर जुळणारच नाही, आणि लाकडाच्या रेषा तर कोणालाच खोट्या करता येत नाहीत. पावती पुस्तकातला जो भाग आपल्याकडे राहतो त्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो ना, त्यातला फॉइल म्हणजे हाच शब्द.

म्हणजे ज्याच्या हातात ‘स्टॉक’, त्याने पैसे गुंतवलेत. स्टॉकहोल्डर या शब्दामागे हीच काठी आहे असं बरेच जण मानतात. दुसरं मत असं की पैसा म्हणजे खोड आणि नफा म्हणजे त्याला फुटलेल्या फांद्या, म्हणून भांडवलाला स्टॉक म्हणू लागले. शब्दकोशकारांचं यावर एकमत नाही. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं, कारण आपण तरी काय म्हणतो? मूळधन. ते खोडापाशी थांबले, आपण थेट मुळापर्यंत गेलो.

जाता जाता एक. या चिरलेल्या काठीला ‘टॅली’ म्हणत. हो, तुमच्या कॉम्प्युटरवर आहे तेच नाव. त्याचं मूळ लॅटिनमध्ये काठी किंवा कापलेली फांदी असं आहे. त्याच मुळापासून ‘कापणे’ या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून टेलर आला आणि रिटेलही आला. मोठ्या मालातून थोडा थोडा कापून विकणारा तो रिटेलर. म्हणजे मी टॅलीवर हिशेब ठेवून टेलरने शिवलेले कपडे रिटेलमध्ये विकते. एकाच फांदीवर बसून तीन धंदे!

या काठ्यांचा शेवटही सांगण्यासारखा आहे. 1826 मध्ये ही पद्धत बंद झाली. ढीगभर जुन्या काठ्या तशाच पडून होत्या. 16 ऑक्टोबर 1834 ला लंडनच्या संसदेत हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांमध्ये त्या जाळायला घेतल्या. दिवसभर इतक्या कोंबल्या की संध्याकाळी इमारतीनेच पेट घेतला आणि संसदेची दोन्ही सभागृहं जळून गेली. जुना पडलेला स्टॉक वेळेवर निकालात काढला नाही तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

पुढचा टप्पा कंपन्यांचा. ईस्ट इंडिया कंपनी 1600 साली निघाली. सुरुवातीला प्रत्येक सफरीसाठी वेगळे पैसे गोळा करायचे, जहाज परत आलं की माल विकून वाटणी करायची, खातं बंद. पुढे अनेकांचं भांडवल एकत्र करून ठेवायला लागले, आणि 1657 पासून ते कायमचं झालं. या एकत्र भांडवलाला म्हणत जॉइंट स्टॉक. त्यातला तुमचा हिस्सा म्हणजे शेअर. स्टॉक म्हणजे पूर्ण भाकरी आणि शेअर म्हणजे तुमच्या वाट्याचा चतकोर, असं समजा. पुढे अमेरिकेत हिस्स्यालाही सरसकट स्टॉक म्हणू लागले आणि मोबाईल ॲपमधून ते आपल्या तोंडी आलं.

मुंबईत 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे. 1875 मध्ये त्यांची संस्था झाली. नाव बघा, नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. शेअर आणि स्टॉक दोन्ही शब्द नावातच. तेच आजचं बीएसई. झाडाच्या खोडाचा शब्द विकायला माणसं झाडाखालीच बसली, याला काय म्हणावं!

आता दुकानातला अर्थ. ‘पुढे लागेल म्हणून साठवून ठेवलेलं’ या अर्थाने स्टॉक मालासाठी वापरला जाऊ लागला आणि त्यातून बाकीची पिलावळ आली. हॉटेलात सूपसाठी हाडं किंवा भाज्या उकळून तयार ठेवलेलं पाणी म्हणजे स्टॉक. पुढाऱ्यांची ठरलेली उत्तरं म्हणजे स्टॉक उत्तरं, तयारच असतात, काढून द्यायची. फोन घेताना ‘स्टॉक अँड्रॉइड’ म्हणतात, किंवा बुलेटवाला सांगतो ‘सायलेन्सर स्टॉकच आहे’, म्हणजे कंपनीच्या कोठारातून जसा आला तसा, काही बदललेलं नाही. गुरंढोरं म्हणजे लाइव्हस्टॉक. आणि तुमच्यापैकी कोणी परदेशी ऑनलाइन साइटवर विकत असाल तर तिथे मालाला ‘इन्व्हेंटरी’ लिहिलेलं दिसेल. अमेरिकन माणूस मालाला शक्यतो इन्व्हेंटरी म्हणतो, इंग्लंडचा आणि आपला माणूस स्टॉक म्हणतो. वस्तू एकच.

सगळ्यात घोळाचा शब्द मात्र ‘डेड स्टॉक’. आमच्या दुकानाजवळच्या शाळेतले एक सर एकदा म्हणाले, “आमचा डेड स्टॉक यंदा फार वाढला, बरं झालं.” मी चाटच पडले. नंतर कळलं, शाळेत आणि सरकारी ऑफिसात डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवही. टेबल, बाक, कपाट, पंखे यांची नोंद. नवे बाक मिळाले म्हणून सर खूश. हाही अर्थ जुनाच आहे. इंग्लंडमध्ये शेतीच्या लिलावात जनावरं म्हणजे लाइव्ह स्टॉक आणि नांगर, गाड्या, अवजारं म्हणजे डेड स्टॉक. त्या डेडचा अर्थ ‘निर्जीव’. आपल्या दुकानातल्या डेडचा अर्थ ‘मेलेला’. वापरातला बाक निर्जीव असला तरी उपयोगाचा आहे. न खपणारा माल मात्र रोज थोडा थोडा कुजतो, जागा खातो आणि व्याजही खातो.

इथून माझी गोष्ट सुरू होते.

आमचं शालेय गणवेश आणि रेडिमेडचं दुकान. बाबांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी हातात घेतलं. माल बहुतेक सोलापूरचा. बाबांच्या वहीत मालाला तीन शब्द होते. चालता, रेंगाळलेला, पडीक. मी आले, कॉम्प्युटर आणला आणि तिन्हींचा एकच शब्द केला. स्टॉक. तेव्हा मला ती प्रगती वाटली होती.

2018 मध्ये एका मोठ्या शाळेने गणवेश बदलला. आकाशी शर्ट, खाकी पँट गेली आणि चौकटीचा शर्ट आला. निर्णय आम्हाला उशिरा कळला, तोवर माल भरून झाला होता. 2 लाख 40 हजारांचा आकाशी-खाकी माल पोटमाळ्यावर गेला. कॉम्प्युटरमध्ये तो होताच. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं, कारण आमचं 7 लाखांचं सीसी लिमिट होतं. मी स्टॉक समरीची प्रिंट काढायची, आकडा भरायचा, सही करून द्यायची. त्यात अजून एक घोळ होता. काही गटांत मी खरेदीच्या किमतीऐवजी विक्रीची किंमत टाकून ठेवली होती. त्याने आकडा 1 लाख 20 हजारांनी फुगत होता. मोठा आकडा दिसला की बरं वाटायचं, खोटं का सांगू.

मे 2019. शाळा सुरू व्हायला महिना, आमचा वर्षाचा निम्मा धंदा जून महिन्यात. बँकेचे अधिकारी माल तपासायला आले. माझ्या स्टेटमेंटला स्टॉक होता 12 लाख. त्यांनी पोटमाळ्यावर चढून खोकी उघडली, शर्टावरची धूळ झटकली आणि विचारलं, “हा कुठल्या शाळेचा?” मी सांगितलं. “त्या शाळेचा रंग तर बदललाय ना? माझी मुलगी तिथेच आहे.” झालं.

आता गणित बघा, हे तुमच्यापैकी सीसी घेणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे. बँक लिमिट देते, पण त्यातलं किती वापरता येईल ते मालावर ठरतं. त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. मालातून व्यापाऱ्यांचं देणं वजा करायचं, कारण तो माल अजून तुमच्या पैशाचा नाहीच. उरलेल्यातून मार्जिन वजा करायचं, आमच्या खात्याला ते 25 टक्के होतं. माझ्या आकड्याने 12 लाखांतून 2 लाख देणं गेलं, 10 लाख राहिले, त्याचे 75 टक्के साडेसात लाख. म्हणजे 7 लाखांचं पूर्ण लिमिट मोकळं. त्यांच्या आकड्याने? पडीक माल शून्य धरला, फुगवलेली किंमत काढली. 12 चे राहिले 8 लाख 40 हजार. त्यातून 2 लाख देणं गेलं, 6 लाख 40 हजार. त्याचे 75 टक्के 4 लाख 80 हजार. आणि मी वापरले होते 6 लाख 80 हजार.

दोन लाख भरा, नाहीतर खातं अनियमित. सोलापूरच्या व्यापाऱ्याला मी दिलेले चेक वाटेत होते.

बाबांनी काही न बोलता एफडी मोडली. ते काही न बोलणं मला जास्त लागलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरात पडीक कुठे लिहितात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेचा राग मनात होता, पण अधिकाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. बँकेला स्टॉक म्हणजे ‘उद्या विकून पैसे उभे राहतील असा, खरेदी किमतीचा, पैसे चुकते केलेला माल’. मला स्टॉक म्हणजे ‘दुकानात जे जे दिसतं ते’. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधला फरक दोन लाख.

सीएकडे गेले तर अजून एक भोक निघालं. नफा काढताना आपण सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा अखेरचा माल करतो, तो विकलेल्या मालाचा खर्च. समजायला सोपे आकडे घेऊ. सुरुवातीला 8 लाख, खरेदी 20 लाख, विक्री 22 लाख. अखेरचा स्टॉक 12 लाख धरला तर खर्च 16 लाख आणि ढोबळ नफा 6 लाख. अखेरचा स्टॉक 8 लाख 40 हजार धरला तर खर्च 19 लाख 60 हजार आणि नफा 2 लाख 40 हजार. विक्री तीच, दुकान तेच. फुगवलेल्या मालावर कागदोपत्री नफा दिसतो, त्या नफ्यावर कर भरायचा आणि घरात मात्र विचारायचं की पैसे जातात कुठे! म्हणून हिशेबाचा नियम असा की अखेरच्या मालाची किंमत खरेदी खर्च किंवा विकून हातात येईल ती रक्कम, यातली जी कमी ती धरायची. विक्री किंमत नाही. एमआरपी तर अजिबात नाही.

पडीक मालाचं काय केलं? शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेचा गणवेश अजून आकाशी-खाकीच होता. तिथल्या दुकानदाराला 2 लाख 10 हजारांचा माल 73,500 ला दिला. रुपयाला 35 पैसे. विकताना हात थरथरत होता, पण त्या पैशात मी जूनमध्ये चौकटीचे शर्ट आणले आणि ते तीन आठवड्यांत संपले. उरलेली 30 हजारांची विचित्र मापं एका आश्रमशाळेला द्यायचं ठरवलं. तेव्हा सीए म्हणाले, द्या जरूर, पण आयटीसी परत करावं लागेल. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला, राइट ऑफ केला किंवा भेट आणि फुकट नमुना म्हणून दिला तर त्यावर घेतलेलं क्रेडिट चालत नाही. कमी भावाने विकला तर मात्र हा प्रश्न येत नाही, ज्या किमतीला विकला त्यावर कर लागतो. आमच्या मालावर 5 टक्के होता, म्हणजे 1,500 रुपये परत केले. मुलांच्या अंगावर शर्ट गेले, ते 1,500 मला जड गेले नाहीत.

त्या जूननंतर मी टॅलीत स्टॉक ग्रुप नव्याने केले. चालता, रेंगाळलेला, पडीक. बाबांचेच शब्द, देवनागरीत. तीन महिने विक्री नाही की माल ‘रेंगाळलेला’मध्ये, शाळेचा एक हंगाम निघून गेला की ‘पडीक’मध्ये. तुमचा धंदा वेगळा तर मुदत वेगळी. बेकरीवाल्याचा रेंगाळलेला माल दुसऱ्या दिवशीच ठरतो, हार्डवेअरवाल्याचा दोन वर्षांनीही नाही. बँकेला स्टेटमेंट देताना पडीक बाहेर ठेवते. आकडा लहान दिसतो. कधी कधी अजूनही वाटतं थोडा वाढवून लिहावा, जित्याची खोड म्हणतात ती हीच. (ही खोड वेगळी बरं का, झाडाची नाही.)

गेल्या वर्षी शाखेत नवीन अधिकारी आले. स्टेटमेंटसोबतची प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग विचारलं, “मॅडम, हा ‘रेंगाळलेला’ कोण?” मी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि पोटमाळ्याच्या शिडीकडे बोट दाखवलं.